डकारला न जाणारी डकार

जगात एक शर्यत अशी आहे की जिच्या नावातच एक शहर आहे, आणि त्या शहरात ती २००७ नंतर एकदाही पोचलेली नाही. डकार रॅली! डकार ही सेनेगलची राजधानी, आफ्रिकेच्या पार पश्चिम टोकाला, अटलांटिकच्या काठावर. आणि डकार रॅली २०२० पासून होते सौदी अरेबियात. त्याआधी अकरा वर्षं ती दक्षिण अमेरिकेत होत होती. म्हणजे मुंबई-पुणे सायकल शर्यत उचलून आसामात न्यायची आणि नाव मात्र मुंबई-पुणेच ठेवायचं, असा प्रकार झाला. पण नाव काही कोणी बदललं नाही. का नाही बदललं, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

आधीच सांगून टाकतो, मी काही मोठा बायकर वगैरे नाही. ऑफिस ते घर आणि घर ते ऑफिस, मध्ये सिग्नलला फर्स्ट गिअर-न्यूट्रल, फर्स्ट गिअर-न्यूट्रल, एवढाच आमचा पराक्रम. पण दर जानेवारीत दोन आठवडे रात्री जेवणं झाली की मी त्या दिवसाच्या टप्प्याचे हायलाइट्स बघतो. क्रिकेटवाल्या मित्रांना हे वेड कळत नाही. त्यांच्यासाठी आणि माझ्यासाठीही हा शनिवारचा लेख.

तर गोष्ट सुरू होते १९७७ मध्ये. तिएरी साबीन नावाचा एक फ्रेंच माणूस आबिजान ते नीस अशा रॅलीत मोटरसायकलवर भाग घेत होता. गाडी यामाहा एक्सटी ५००. लिबियाच्या वाळवंटात हा पठ्ठ्या रस्ता चुकला. वाळवंटात रस्ता चुकणं म्हणजे आपल्यासारखं नव्हे, की पानवाल्याला विचारलं आणि निघालो. पाणी नाही, सावली नाही, आणि ज्या दिशेला बघाल ती दिशा मागच्या दिशेसारखीच. शेवटी विमानातून शोध घेणाऱ्यांना तो दिसला आणि वाचला.

तुमच्या-माझ्यासारखा माणूस घरी येऊन म्हणाला असता, "बास झालं." साबीनला मात्र वाटलं, हे जे आपण बघितलं ते आणखी लोकांनी बघायला पाहिजे! आणि त्याने पॅरिसहून थेट डकारपर्यंत शर्यत आखली. २६ डिसेंबर १९७८ ला पॅरिसच्या त्रोकादेरो चौकातून १८२ गाड्या निघाल्या. मोटारी, मोटरसायकली, ट्रक, सगळे एकत्र. अंतर साधारण १०,००० किलोमीटर. वाटेत भूमध्य समुद्र, मग अल्जीरिया, नायजर, माली, अपर व्होल्टा (म्हणजे आजचा बुर्किना फासो) आणि मग सेनेगल. १४ जानेवारी १९७९ ला डकारला पोचल्या फक्त ७४. निम्म्याहून जास्त गाड्या वाटेत कुठेतरी राहिल्या. जिंकला कोण, तर सिरील नव्हू नावाचा बाविशीतला पोरगा, तोही यामाहा एक्सटी ५०० वर. त्या वर्षी मोटारी आणि मोटरसायकलींचा निकाल एकत्रच लावला होता, म्हणजे या पोराने मोटारवाल्यांनाही मागे टाकलं.

सुरुवातीच्या वर्षांतली मजा अशी की कोणीही उठावं आणि यावं. १९८१ मध्ये एक जण चक्क रोल्स रॉइस घेऊन आला होता. १९८२ ची शर्यत क्लोद आणि बर्नार मारो या दोन भावांनी रेनॉ २० मधून जिंकली. रेनॉ २० म्हणजे मुळात बायका-पोरांना घेऊन फिरायची गाडी. त्याच वर्षी ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांचे चिरंजीव मार्क थॅचर अल्जीरियाच्या दक्षिणेला गाडी मोडून सहा दिवस बेपत्ता होते. शेवटी अल्जीरियाच्या लष्कराच्या विमानाने त्यांना शोधलं. एरवी पोलादी म्हणून प्रसिद्ध असलेली ती बाई त्या दिवसांत लोकांसमोर रडली, आणि ते फोटो जगभर छापून आले. आई ती आईच, दुसरं काय.

मग पैसा आला. पोर्शे आली, प्यूजो आली, मित्सुबिशी आली. आपल्याकडे पजेरो म्हटलं की पुढारी आठवतात, पण या गाडीचं खरं नाव झालं ते डकारमध्ये. १९८५ पासून २००७ पर्यंत एकूण १२ वेळा, त्यातली शेवटची ७ वर्षं तर सलग! २००१ मध्ये युटा क्लाइनश्मिट ही जर्मन बाई पजेरोच चालवत होती. मोटारींच्या गटात डकार जिंकणारी ती पहिली स्त्री, आणि हे लिहीपर्यंत तरी एकमेव. त्याआधी ती बीएमडब्ल्यूमध्ये इंजिनियर होती, हे आपल्या जमातीने नोंद करून ठेवण्यासारखं.

आता जरा तांत्रिक भाग. (ज्यांना कंटाळा येतो त्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडले तरी चालेल, पण मला विचाराल तर खरी गंमत इथेच आहे.)

डकारमध्ये नुसतं जोरात गाडी चालवून भागत नाही, रस्ता शोधावा लागतो. स्पर्धकाला मिळतं ते एक रोडबुक. मोटरसायकलवाल्यांकडे ही कागदाची लांबलचक गुंडाळी असायची. हँडलवरच्या डबीत ती बसवायची आणि बटण दाबून पुढे सरकवायची. प्रत्येक ओळीत एकूण अंतर, आधीच्या खुणेपासूनचं अंतर, एक छोटं चित्र, आणि होकायंत्राची दिशा अंशांत. धोका असेल तर उद्गारचिन्हं. एक म्हणजे जपून, दोन म्हणजे फारच जपून, तीन म्हणजे देवाचं नाव घ्या. हे सगळं वाचायचं कधी, तर ताशी शंभरच्या पुढे, उभं राहून, दगडधोंड्यांवरून जाताना! अलीकडे कागदाच्या जागी टॅब्लेट आला, पण पद्धत तीच.

यात चूक कशी वाढत जाते बघा. रोडबुक म्हणतं २० किलोमीटर अमुक अंशांवर जा. तुमची दिशा फक्त ५ अंशांनी चुकली. २० किलोमीटर संपतात तेव्हा तुम्ही ठरलेल्या जागेपासून पावणेदोन किलोमीटर बाजूला असता. मध्ये वाळूच्या टेकड्या, म्हणजे पलीकडचं काही दिसत नाही. समोर दुसऱ्या कोणाच्या चाकाची खूण दिसते, आणि मोह होतो तिच्या मागे जायचा. पण तो पुढचा बरोबर आहे कशावरून? इथे मला आमच्या प्रोजेक्टमधला जुना कोड आठवतो. आधीच्याने असं लिहिलंय म्हणजे त्याला काहीतरी माहीत असणार, असं समजून दहा जण तेच कॉपी करतात. वाळवंटात याच न्यायाने दहा-दहा गाड्या एकामागोमाग एक, अगदी शिस्तीत, चुकीच्या खोऱ्यात जातात.

मग जीपीएस कशाला आहे? तर १९९२ पासून तो रॅलीत आला खरा, पण आयोजकांनी पुढे त्याचे हातपाय बांधून टाकले. वाटेत न दिसणारी ठिकाणं ठरवलेली असतात. तुम्ही त्यांच्या काहीशे मीटर जवळ आलात तरच यंत्र बाण दाखवतं, आणि ठिकाण चुकवलं की दंड. नकाशा नाही, बोलणारी बाई नाही. आणखी एक गंमत. मोठ्या संघांनी खास माणसं ठेवली होती. आदल्या संध्याकाळी रोडबुक मिळालं की हे लोक रात्रभर कॉम्प्युटरवर उपग्रहाची चित्रं लावून जवळचे रस्ते शोधायचे आणि सकाळी रायडरला तयार उत्तर द्यायचे. म्हणजे शर्यत वाळवंटात आणि खरं काम लॅपटॉपवर! २०२० पासून काही टप्प्यांना, आणि पुढे सगळीकडेच, रोडबुक सकाळी सुटायच्या थोडंच आधी द्यायला लागले. कॉम्प्युटरवाल्यांची नोकरी गेली. एक कॉम्प्युटरवाला असूनही मला याचा आनंदच झाला.

असो. इथवर सगळं छान छान. आता दुसरी बाजू.

एकदा मी हायलाइट्स बघत असताना आई शेजारी येऊन बसली. पडद्यावर कुठल्या तरी जुन्या वर्षाची चित्रं चालली होती. मातीच्या घरांचं एक गाव, कडेला उभी असलेली पोरं, आणि मधून धुरळा उडवत गेलेली गाडी. ती दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, पण ह्यांना तिथे बोलावलं कोणी?"

मी काहीतरी बोललो, स्पॉन्सरशिप, टुरिझम वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि उठून दूध विरजायला गेली. पण प्रश्न तिथेच राहिला, कारण तो बरोबर होता.

१९८८ घ्या. त्या वर्षी सहाशेच्या वर गाड्या सुटल्या होत्या. त्या एका शर्यतीत तीन स्पर्धक गेले आणि तीन स्थानिक माणसंही गेली. त्यातली एक मालीमधली दहा वर्षांची मुलगी होती, रस्ता ओलांडत होती. आणि मॉरिटानियात एक आई आणि तिची मुलगी गेली. त्यांना उडवणारी तर स्पर्धेतली गाडीही नव्हती, चित्रीकरण करणाऱ्यांची होती. त्यानंतर व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने या शर्यतीवर कडक टीका केली होती. जिथे माणसं भुकेने आणि तहानेने मरतात तिथे श्रीमंतीचं हे प्रदर्शन कशासाठी, असा त्याचा एकूण सूर होता. २००६ मध्ये पुन्हा तेच. गिनीमध्ये दहा वर्षांचा मुलगा, आणि दुसऱ्याच दिवशी सेनेगलमध्ये बारा वर्षांचा. स्पर्धक निदान स्वतः सही करून आलेला असतो. हेल्मेट, विमा, हेलिकॉप्टर, सगळं त्याच्यासाठी असतं. रस्त्याच्या कडेच्या पोराने कशावर सही केली होती?

साबीन स्वतःही यातून सुटला नाही. १४ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळी मालीमध्ये वाळूच्या वादळात त्याचं हेलिकॉप्टर कोसळलं. तो, दानियेल बालावान हा फ्रान्सचा लाडका गायक, एक पत्रकार, एक रेडिओ तंत्रज्ञ आणि वैमानिक, पाचही जण गेले. बालावान तिथे शर्यतीसाठी नव्हताच, आफ्रिकेतल्या गावांना पाण्याचे पंप पोचवायच्या कामासाठी गेला होता. शर्यतीच्या ताकदीचा काहीतरी चांगला उपयोग व्हावा म्हणून धडपडणारा माणूस त्या शर्यतीतच गेला. साबीन सदतीशीच्या आसपास होता. पुढे त्याच्या वडिलांनी, जिल्बेर साबीन यांनी, काही वर्षं शर्यत सांभाळली. मुलाचं शेवटचं काम बंद पडू नये म्हणून झटणारा तो बाप काय विचार करत असेल, मला खरंच कल्पना करता येत नाही.

मग आफ्रिकेचा अध्याय संपला कसा? अपघातांमुळे नाही. २००० मध्ये नायजरमध्ये हल्ल्याची धमकी आली, तेव्हा सगळ्या गाड्या, ट्रक आणि माणसं महाकाय अंतोनोव विमानांत भरून लिबियात नेली आणि शर्यत तिथून पुढे चालू केली होती. पण २००७ च्या नाताळच्या आदल्या दिवशी मॉरिटानियात चार फ्रेंच पर्यटक मारले गेले. शर्यतीचे आठ टप्पे त्याच देशातून जाणार होते. ४ जानेवारी २००८ ला, म्हणजे लिस्बनहून सुटायच्या बरोबर आदल्या दिवशी, सगळी शर्यत रद्द झाली. गाड्या तपासून झालेल्या, वर्षभराची तयारी, कोणी घर गहाण ठेवून आलेला, आणि एका पत्रकार परिषदेत सगळं संपलं. २००९ ला शर्यत थेट अर्जेंटिना आणि चिलीमध्ये गेली, आणि डकार शहर फक्त नावात उरलं.

आईच्या प्रश्नाला यात अर्धंमुर्धं उत्तर आहे. गावांतून जाताना वेगाची कडक मर्यादा आली, आणि ती पाळली की नाही हे तोच जीपीएस नोंदवतो, ज्याला रस्ता दाखवायची बंदी आहे. सौदीत मोकळ्या वाळवंटात माणसंच कमी. शर्यत सुरक्षित झाली, पण त्याचं एक कारण हेही की आता कडेला कोणी उभं नसतं. शिवाय तिथे पैसा यजमान देशाचा आहे, आणि तो देश हे सगळं आपली प्रतिमा उजळायला करतोय अशी टीका तर आहेच. म्हणजे आता बोलावणारा आहे, पण त्याच्याबद्दल वेगळे प्रश्न आहेत. एकूण काय, हिशोब पूर्ण जुळत नाही, आणि मी तो ओढूनताणून जुळवणारही नाही.

मग मी बघतो कशाला? त्याचं उत्तर एका माणसाच्या गोष्टीत आहे.

पाउलो गोन्साल्विस. पोर्तुगालचा मोटरसायकल रायडर. २०१५ ला तो दुसरा आला होता. २०१६ ला जिंकायची संधी असताना वाटेत त्याला मथियास वॉल्कनर हा ऑस्ट्रियाचा प्रतिस्पर्धी पाय मोडून पडलेला दिसला. गोन्साल्विस थांबला. मदत येईपर्यंत मिनिटं जात राहिली आणि हा त्याच्याजवळ बसून राहिला. डकारचा नियम असा की जखमीसाठी थांबलात तर तेवढा वेळ तुम्हाला नंतर परत मिळतो. पण थांबताना कोण घड्याळाचा हिशोब करतो?

२०२० ला गोन्साल्विस आपल्या हीरोच्या संघात होता. हो, हीरोच. स्प्लेंडरवाली. भारतीय कंपनीचा संघ डकारमध्ये २०१७ पासून आहे. त्या वर्षी तिसऱ्या टप्प्यात त्याचं इंजिन गेलं. तो वाळवंटात तासन्‌तास थांबला, नवं इंजिन आल्यावर स्वतःच्या हाताने बसवलं, आणि टप्पा पूर्ण केला. जिंकायची आशा तेव्हाच संपली होती. तरी तो पुढे चालत राहिला. १२ जानेवारीला, सातव्या टप्प्यात, तो पडला आणि गेला. चाळीस वर्षांचा होता, तेरावी डकार. ऑस्ट्रेलियाचा टोबी प्राइस, त्याच्या आदल्या वर्षीचा विजेता, त्याला पडलेला बघून थांबला आणि शर्यत विसरून तिथेच राहिला. दुसऱ्या दिवशीचा मोटरसायकलींचा टप्पा रद्द झाला आणि हीरोने संघ मागे घेतला.

पुढचं वर्षही धड गेलं नाही. २०१५ मध्ये डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरलेला बंगळुरूचा सी. एस. संतोष २०२१ ला हीरोच्याच गाडीवरून पडला. डोक्याला मार होता, त्याला औषधाने कोमात ठेवावं लागलं. सुदैवाने तो बरा झाला. त्याच वर्षी मर्चंट नेव्हीत नोकरी करणारे आशिष रावराणे स्वतःच्या हिमतीवर तिथे सुटले होते. कंपनी नाही, मोठा संघ नाही. हे वाचलं तेव्हा मला वीकेंडला ट्रेकला जायला रजा मंजूर होत नाही म्हणून रडायची लाज वाटली.

आणि मग २०२२. तिसऱ्या टप्प्यात पहिला आला हीरोचा जोआकिम रॉड्रिग्ज. भारतीय कंपनीने जिंकलेला डकारचा पहिला टप्पा. रॉड्रिग्ज म्हणजे गोन्साल्विसचा मेहुणा. दोन वर्षांपूर्वी ते एकाच संघात, एकाच तळावर होते. दोन वर्षांनी हा पुन्हा त्याच देशातल्या वाळवंटात, त्याच कंपनीच्या गाडीवर होता. घरी बहीण होती, भाचरं होती. मी तो निकाल रात्री फोनवर वाचला आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. त्याने जायला नको होतं असंही वाटत होतं, आणि गेला म्हणून आनंदही झाला होता. दोन्ही एकदमच.

२०२४ ला केरळचा हरित नोहा रॅली-२ गटात पहिला आला, एकंदरीत अकरावा. हीरोचा रॉस ब्रँच त्याच वर्षी दुसरा आला, आणि हा ब्रँच आहे बोट्सवानाचा, म्हणजे आफ्रिकेचा. ज्या खंडातली माणसं जवळजवळ तीस वर्षं कडेला उभी राहून धूळ खात होती, तिथला एक माणूस भारतीय मोटरसायकलवर बसून जिंकणाऱ्याच्या मागोमाग पोचला. शर्यत तोपर्यंत आफ्रिकेतून निघून गेली होती, हा भाग वेगळा.

परवा आईला हे सगळं सांगितलं. गोन्साल्विसचं, रॉड्रिग्जचं, थांबलं तर वेळ परत मिळतो त्या नियमाचं. तिने विचारलं, "आणि रस्त्यावरच्या पोरासाठी थांबले तर?"

नियम त्यालाही लागू व्हायला हवा. जानेवारीत पुन्हा बघेनच, पण आता त्या कडेच्या पोरांकडेही लक्ष जाईल.

चला, सोमवारचं डिप्लॉयमेंट आहे. पुढच्या शनिवारी भेटू.